निंबाळकरांची हाक

घाटग्यांनी हौसेने घेतलेली जुनी स्पोर्ट्स कार सिग्नलला उभी राहिली की थरथरायची आणि मध्येच बंद पडायची. गॅरेजवाल्या रेहाना मुजावरने प्लग बदलले, थ्रॉटल साफ केला, हवेची गळती तपासली, पण काही सापडेना. शेवटी तिने इंजिनाशेजारची काचेची डबी उघडली. या गाड्यांचं इंजिन त्या डबीतल्या कुत्र्याच्या मेंदूपेशी सांभाळायच्या.

"साहेब, बिघाड काही नाही. पळताना ते रमतं. गाडी थांबली की पहिल्या मालकाची वाट बघतं."

"मग बदलून टाका."

"नवं रुळायला वर्ष जाईल."

घाटग्यांनी तिथूनच पहिल्या मालकाला, निंबाळकरांना फोन लावला. ते नव्या गाडीसाठी शोरूममध्ये बसले होते. अडचण आणि त्यांचा आवाज रेकॉर्ड करायची रेहानाची कल्पना ऐकून ते हसले आणि फोनवरच लाडाने म्हणाले, "थांब रे राजा, आलोच मी." मग लगेच विचारलं, "एवढं पुरेल ना?"

रेहानाने ते वाक्य रेकॉर्ड करून डबीला जोडलं. गाडी थांबेल तेव्हा ते आत ऐकू जाणार होतं. पहिल्यांदा वाजलं तेव्हाच थरथर थांबली. तिला मात्र डबीकडे बघवेना.

"पण हे किती दिवस चालणार? त्याला कळलं तर?" घाटग्यांनी विचारलं.

"कुत्रं आहे साहेब," ती म्हणाली. "दर वेळी खरं मानेल."

"मग उत्तम," म्हणत घाटगे गाडीत बसले. रस्त्याला लागण्याआधी ते गॅरेजच्या दाराशी क्षणभर थांबले, आणि इंजिन अगदी शांतपणे, एका लयीत चालत राहिलं.