एकचा गजर

आबांच्या चपला हौदाजवळ सापडल्या. शेजारी भाकरीचं फडकं होतं, गाठ न सुटलेलं. आबा कुठेच नव्हते.

चेतनाने फडकं उचललं. सकाळी तिनेच ते सासऱ्यांच्या हातात दिलं होतं, इन्सुलिन टोचून झाल्यावर. दुपारी एकला खायचं, चुकवायचं नाही. मागच्या महिन्यात चुकलं तेव्हा आबा याच केळीच्या बागेत घामाने थबथबून पडलेले सापडले होते. आता एक वाजून गेला होता आणि त्यांचा मोबाइल घरी खाटेवर पडला होता.

"आबाऽ," बागेच्या दुसऱ्या टोकाकडून तिचा नवरा नवनीत ओरडला. मग तो तिच्याकडे आला. "हाका मारीसन काय उपेग? हल्ली आयकीसन बी ओ देतस नही."

"थांब," चेतना म्हणाली. "बोलू नको."

केळींच्या आतून बारीक आवाज येत होता. दोन सुरांत, एकावर एक.

घड्याळं. आबांच्या दोन्ही मुलांनी त्यांच्यासाठी एकेक घेतलं होतं, एकचा गजर लावून. भाग्येशने पुण्याहून पाठवलेलं जाड होतं, त्यात होकायंत्र होतं, उंची कळत होती. नवनीतने शहाद्याच्या बस स्टँडसमोरून घेतलेलं साधं होतं, मोठ्या आकड्यांचं. शेतात कोणतं जास्त टिकेल यावर दोघा भावांचं फोनवर आठवडाभर चाललं होतं. आबा मध्ये पडले नव्हते. "दोन्ही ठेवा आठे, मी दखस," एवढंच म्हणाले होते आणि दोन्ही पारखायला ठेवून घेतली होती.

आवाज थांबला. गजर कुणी बंद केला नाही तर थोड्या वेळाने पुन्हा वाजतो, हे चेतनाला माहीत होतं. ती ज्या दिशेला तोंड करून उभी होती, तिकडेच सरळ चालत राहिली. मध्येच आवाज पुन्हा सुरू झाला, आता जवळून. ती धावली.

एका केळीच्या बुंध्याला दोन्ही घड्याळं बांधलेली होती. पट्ट्यांत चिखल, काचांवर केळीच्या चिकाचे तपकिरी डाग. मनगट नव्हतं.

तिने पानं बाजूला सारली आणि पलीकडे बांधावर, निंबाच्या सावलीत, पांढरी टोपी दिसली.

आबा अनवाणी बसले होते. ताठ, घड्याळांकडे तोंड करून, उजवा तळवा कानामागे धरून.

"वाजनं का?" त्यांनी तिला पाहिल्याबरोबर विचारलं.

तिने त्यांच्या कपाळाला हात लावला. कोरडं होतं. हात हातात घेतला, थरथरत नव्हता. मग ती तिथेच मातीत बसली. फडक्याची गाठ सोडली.

"पहिले खा."

"खास ना. वाजनं का ते सांग."

चेतनाने त्यांच्याकडे पाहिलं. मागे दोन्ही घड्याळं मोठ्याने वाजत होती.

"वाजी ऱ्हायनात, आबा. आते बी."

आबांनी भाकरीचा तुकडा मोडला. केळीकडे पाहत सावकाश चावला.

"तुले कोठे आयकू उनं?"

"हौदपाशी."

"हौदपाशी." त्यांनी कानामागचा हात खाली घेतला. "मी ते आठेच बठेल शे."

घड्याळं तिथून दहा पावलांवर होती. आबांनी आणखी एक तुकडा मोडला, आणि मग एक मोठा श्वास सोडला, डोक्यावरचं ओझं कुणी उतरवून घ्यावं तसा.

नवनीत धापा टाकत पोहोचला. आबा जेवताना दिसले तसा कमरेवर हात ठेवून वाकला, श्वास जागेवर आला. मग त्याला घड्याळं दिसली.

"हाई काय करं, आबा?"

"परीक्षा लिधी. हौदमा बुडाडी, चीक लावा, ट्रॉलीवरतीन खाले टाकी."

"मग कोन्हं टिकनं? मन्हं का भाग्येशनं?"

"दोन्ही टिकनात. भांडू नका."

जेवण झाल्यावर आबांनी घड्याळं सोडली, टोपीने पुसली. मोठ्या आकड्यांचं स्वतःच्या हाताला बांधलं. "मन्हा डोया चांगला शेत अजून, आकडा दिखतस," ते म्हणाले. जाड घड्याळ त्यांनी चेतनापुढे धरलं.

"हाई तू घाल. वाजनं का मले सांगजो."

तिने घातलं. शेवटच्या छिद्रातही ते मनगटावर सैलच बसलं.

आबा पुढे निघाले, त्यांच्यामागे नवनीत, शेवटी चेतना. वाट हौदाकडे न वळता घराकडे वळत होती.

"आबा, चपला हौदपाशी शेत," चेतना म्हणाली.

आबा चालत राहिले. नवनीतने ओरडायला श्वास भरून घेतला, तेव्हा चेतनाने त्याच्या दंडाला धरून त्याला थांबवलं. ती केळींच्या दुसऱ्या ओळीतून भराभर पुढे गेली, आबांच्या समोर, तोंड दिसेल अशी उभी राहिली, आणि तेच पुन्हा, हळू आवाजात म्हणाली.

"हा," आबा म्हणाले, आणि वळले.