छतावरची पक्की अँटेना

नंदनवन वस्तीतल्या आमच्या रविंद्रने घराच्या छतावर सिमेंटमध्ये एक अँटेना गाडली होती. ती उपग्रहांचे सिग्नल पकडून स्वतःची जागा सांगे, आणि खाली संगणकाच्या नकाशावर त्याच्या घराच्या जागी लाल ठिपका दिसे.

सूर्याकडून चुंबकी वादळ आलं त्या दुपारी मी त्याच्याकडे चहाला होतो. मी थापा मारतो असं लोक म्हणतात, पण चहा खरा होता. बघता बघता ठिपका थरथरायला लागला.

"काहून गा, घर पळून राहिलं का तुझं?"

"घर कुठं पळते काका? वादळानं वरची हवा खवळते, सिग्नल उशिरा पोचतात. अँटेना पक्की आहे. म्हणजे हलते ते आभाळ."

एरवी ठिपका चार-सहा हात सरके. त्या दिवशी तो अख्खं शहर ओलांडून पार दुसऱ्या टोकाला, ट्रक-गोदामांच्या वाडीत जाऊन थांबला. रविंद्र पोट धरून हसला.

खाली हॉर्न वाजू लागले.

"आपल्या गल्लीत एवढे ट्रक काहून आले रे? पाहून येते," म्हणत त्याची आई, सिंधूताई, जिना उतरली.

चहा संपेस्तोवर ठिपका परत नंदनवनात आला. हॉर्न थांबले. मी खिडकीतून डोकावलो. गल्लीत ट्रक नव्हते, आणि सिंधूताईही नव्हती.

"पाहा, आला की नाही जागेवर?" रविंद्र म्हणाला, आणि त्याचा फोन वाजला. पलीकडे हॉर्नचा कल्लोळ होता.

"रवी, मी वाडीच्या गोदामांपुढं उभी आहे. आपलं घर आत्ता इथंच होतं ना रे?"