मधली रेषा

तक्रारीच्या टेबलापाशी बसलेल्या तांडेलांची नाडी रेवती सोनसळेने स्वतः पाहिली. त्यांच्या छातीतलं कृत्रिम हृदय याच कारखान्यात तयार झालं होतं आणि ती इथली गुणवत्ताप्रमुख होती. पडद्यावर त्यांच्या ठोक्यांच्या वेगाचा आलेख अगदी सरळ दिसत होता, प्रत्येक ठोक्याचा बिंदू मधल्या रेषेवरच.

"यात दोष काहीच नाही," ती म्हणाली.

"तेच तर सांगतेय," तांडेलांची बायको म्हणाली. "परवा पहिल्यांदा नात मांडीवर दिली. हे म्हणाले, छान आहे, आणि चहा मागितला."

तांडेल ओशाळले. "आनंद व्हायला हवा होता हे कळतं हो, मॅडम. पण आत काही हलतच नाही."

रेवती पुन्हा आलेखाकडे वळली. नव्या लोकांना ती शिकवायची की बिंदू मर्यादेबाहेर गेला तर काम थांबवून कारण शोधा, आणि सगळे बिंदू मधल्या रेषेला चिकटले तरीही शोधा, कारण खऱ्या कामात थोडा चढउतार असतोच. या हृदयांच्या अशाच सरळ आलेखासाठी मात्र तिने बक्षीस घेतलं होतं.

ती उठली आणि कारखान्याच्या फिरत्या पट्ट्यावर लोंबणारी, काम थांबवायची लाल दोरी तिने खेचली. हृदयांची रांग जागच्या जागी थांबली.

व्यवस्थापक कुलथे धावत आले. "काय बिघडलं?"

"ते शोधायचंय, सर."

"अगं, आलेख तर सरळ आहे."

"म्हणूनच थांबवलंय," रेवती म्हणाली. तिने दोरी सोडली नाही.