बोटांवरच्या गाठी

"म्हणजे तू उंदरायची चरबी काढतं," सदाशिवराव म्हणाले आणि आपल्याच बोलण्यावर पोटभर हसले.

बाबारावांनी ताटाकडे नजर वळवली. पुसदच्या शाळेत मास्तरकी केलेला हा गरीब माणूस लेकीला घेऊन, भाड्याच्या गाडीनं सोयरिकीचं घर पाहायला आला होता. पोरगी स्वतः घर पाहायला येते, इथंच सदाशिवरावांचं नाक मुरडलं होतं. केळापूरच्या आसपास असली तऱ्हा त्यांनी ऐकली नव्हती. वर ही नागपूरच्या प्रयोगशाळेत कसलंसं संशोधन करणारी, आणि काही विचारलं की सरळ तोंडाकडे पाहून उत्तर देणारी.

"सध्या उंदीरही नाहीत, काका," दीपा म्हणाली. "काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशी आहेत. पेशीत कोलेस्टेरॉल फार साचलं, की ते बाहेर काढायला रक्तातलं एक प्रथिन मदत करतं. आम्ही त्या प्रथिनाची छोटी नक्कल बनवतो. पेप्टाइड म्हणतात त्याला. ते पेशीजवळ गेलं की आतलं जास्तीचं कोलेस्टेरॉल उचलून आणतं."

"मंग औषध झालं का त्याचं?"

"नाही. अजून बरीच वर्षं लागतील. होईलच असंही सांगता येत नाही."

बैलबाजारात म्हाताऱ्या बैलाचा जबडा उघडून पाहावा आणि सोडून द्यावा, तसं सदाशिवरावांनी बाबारावांकडे पाहिलं. "आयकलं का मास्तर? इतकं शिकून तुमची पोरगी बश्या धुऊन राह्यली."

त्यांनी पुरणपोळीवर तूप ओतलं. पोळी बुडाली तरी हात थांबला नाही. शेजारच्या ताटात गोपालच्या पोळीवरही ओतलं. गोपाल नको म्हणाला नाही, हो म्हणाला नाही. त्यांचा हा एकुलता एक मुलगा घरचा ट्रॅक्टर चालवायचा, सांगितलं तेवढं करायचा आणि बापापुढं मान हलवायचा. हे मऊपण सदाशिवरावांना मुळीच पटत नसे. घराण्याला शोभेल असं त्याच्यात काय आहे, हे त्यांना अजून सापडलेलं नव्हतं.

दीपाचं जेवणाकडे लक्ष नव्हतं. ती त्यांच्या हातांकडे पाहत होती.

"काका, बोटांच्या सांध्यांवर या गाठी कधीपासून आहेत?"

"तरणा होतो तवापासून. नांगरानं आल्या. तुह्या बापाच्या हातावर नाही दिसाच्या. खडूनं गाठी येत नसतात."

"यांच्या हातावरही आहेत," दीपा गोपालकडे पाहून म्हणाली. "यांनी तर नांगर धरला नसेल."

गोपालनं डावा हात मांडीखाली सरकवला.

"तुमचे वडील कसे गेले?" दीपानं विचारलं.

आता मात्र सदाशिवराव खुलले. हे सांगायला त्यांना आवडायचं. "चालता चालता गेले. चाळिशीबी नव्हती पाह्यली. माहा धाकटा भाऊ वामन, तोबी तसाच. वावरातून आला, चहा पेला, ओसरीवर टेकला न खलास. ना दुखलं, ना खुपलं. आमच्या घरातले मर्द खाटेवर कण्हत पडत नाहीत, पोरी. दवाखान्याच्या पायऱ्या झिजवाले तुमच्यासारखे लोक आहेत."

दीपा हळू आवाजात म्हणाली, "हे रक्तातून आलेलं असू शकतं, काका. बापाकडून मुलाकडे. जन्मापासूनच कोलेस्टेरॉल फार असतं, आणि गाठी त्याच्याच असतात. आमचं पेप्टाइड राहू द्या, या आजारावर साध्या गोळ्या आजही मिळतात. सोयरिकीचं मागून पाहू. आधी यांचं रक्त तपासून घ्या."

"नवरा पाहाले आली न रोग पाहून राह्यली," सदाशिवराव म्हणाले. "सांग रे गोपाल हिले. काय झालं तुले?"

गोपालनं हातातला घास ताटात ठेवला.

"दुखते, बाबा," तो म्हणाला. "छातीत. वावराच्या धुऱ्यावरचा चढ चढलो का दुखते. थांबलो का थांबते. लय दिवसांपासून."

सदाशिवरावांचा ओठ वाकडा झाला. "पोरीनं म्हणाची देर, याले लगेच दुखाले लागलं. याच्यापरीस बाईमाणूस बरं."

स्वयंपाकघराच्या दारात गोपालची आई, बेबीताई उभ्या होत्या. हातातली पोळ्यांची ताटली त्यांनी खाली ठेवली. आजवर पाहुण्यांसमोर त्यांनी कधी तोंड उघडलं नव्हतं.

"भाऊ," त्या बाबारावांना म्हणाल्या, "तुमच्या गाडीत जागा आहे नं? याले आत्ताच यवतमाळले न्या. मीबी येतो."

बाबाराव ताटावरून उठले. दीपानं गोपालला उठायला हात दिला, आणि त्यानं तो घेतला.

"कायले?" सदाशिवराव ओरडले. "तमाशा लावला का घरात? पाहुण्यायपुढं लाज काढता माही?"

बेबीताईंनी पदर खोचला. नवऱ्याकडे पाहिलं, आणि ओरडून नाही, अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "वामनभाऊजीलेबी दुखत होतं. रोज माह्याजवळ येऊन सांगत. म्हणत, वयनी, दादाले सांगू नका, ते हासतीन."