व्हिडिओ कोणी पसरवला?

"मॅडम, आधी ओलीस सोडायचे की आधी युद्ध थांबवायचं? तुम्ही सांगा ना!"

सुखदाने विचारलं आणि कुवेतमधल्या त्या भारतीय शाळेच्या अख्ख्या हॉलने माना वळवल्या. समोर मुनीरा मॅडम बसल्या होत्या. शिक्षण मंत्रालयाच्या तपासनीस. अंगभर काळा अबाया, मांडीवर फाइल. आल्या होत्या वर्ग आणि आगीच्या वेळी बाहेर पडायचे दरवाजे बघायला, आणि नेमकी तेव्हाच वादविवादाची तालीम चालू होती. विषय होता गाझाचा : आधी युद्धबंदी की आधी ओलिसांची सुटका? बाजू चिठ्ठ्या टाकून ठरल्या होत्या. सुखदा आणि तिची जोडीदार जवेरिया यांच्या वाट्याला 'आधी ओलीस' आलं होतं. आणि पडद्यामागे जवेरिया दोन मैत्रिणींसमोर म्हणाली होती, "मॅडमना विचारून दाखव गो! एगैलाच्या मॉलात फालुदा माझ्याकडून!"

फालुदा जिंकला. पण मॅडम हसल्या नाहीत. उत्तरही दिलं नाही. सुखदाचं नाव, वर्ग आणि वडील कुठे काम करतात, एवढं विचारून त्यांनी फाइलमध्ये लिहून घेतलं.

दुपारी तीनपर्यंत तो प्रश्न ओळखीच्या सगळ्या घरांत पोचला होता. एकतीस सेकंदांचा व्हिडिओ. खाली कुणीतरी लिहिलेलं, 'ही मुलगी नक्की कोणाच्या बाजूची?' चिठ्ठीचा त्यात पत्ताच नव्हता. व्हिडिओ पडद्यामागून काढलेला होता आणि पडद्यामागे फोन होता तो फक्त जवेरियाकडे. चार वाजता मुख्याध्यापिकांचा फोन आला. जवेरियाला संघातून काढलंय. उद्या सकाळी आठला सुखदाच्या आईवडिलांनी यावं, मुनीरा मॅडमना भेटायचंय.

सुखदाच्या रिग्गईतल्या घरात संध्याकाळी टीव्हीसुद्धा लागला नाही. बाबा सरकारी इस्पितळात एक्स-रे टेक्निशियन. ते इकाम्याची, म्हणजे कुवेतमध्ये राहायच्या परवान्याची, तारीख तिसऱ्यांदा बघत होते. आईने खिडकी लावून घेतली.

"हळू बोला. वरचे लोक पॅलेस्टिनी आहेत."

"अगं आई, परवाच त्यांनी भात पाठवला! डबासुद्धा तू अजून परत नाही केलास."

"म्हणूनच म्हणते, हळू बोल."

"हे सगळं त्या जवेरियाचं," बाबा म्हणाले. "तुला पुढे ढकललं आणि स्वतः मागे फोन घेऊन उभी. तिच्या वडिलांचं, इम्तियाजभाईंचं काय, राई भागात स्वतःचं गॅरेज आहे. आपला इकामा गेला तर महिन्याभरात सामान बांधायचं. उद्या सरळ माफी मागायची, स्पर्धेतून नाव काढायचं आणि त्या मुलीशी बोलणं बंद."

"बाबा, ती तशी नाहीये."

"मग कोणी पसरवला? भुताने?"

सुखदा नखं कुरतडत बसली. तिचा फोन दोनदा वाजला. दोन्ही वेळा जवेरिया. तिने उचलला नाही.

सकाळी मुनीरा मॅडमनी आईबाबांना बाहेर बाकावर बसवलं आणि सुखदाला एकटीला आत घेतलं. तिने पाठ केलेली माफी इंग्रजीत सुरू केली. मॅडमनी हात वर केला.

"माफी नको. उत्तर द्यायचं राहिलं होतं, ते देते. मी नऊ वर्षांची होते. नव्वद साल. रस्त्यावर इराकी सैनिक. माझा मोठा भाऊ लपून बसला होता, खालच्या मजल्यावर, एका पॅलेस्टिनी कुटुंबाकडे. एका सकाळी सैनिक थेट तिथेच आले आणि त्याला घेऊन गेले. फेब्रुवारीत युद्ध थांबलं. लोक रस्त्यावर नाचत होते आणि माझी आई दार उघडं टाकून बसली होती. भाऊ आला, पण एकतीस वर्षांनी. एवढ्याशा पेटीत. तेव्हा आधी काय हे मला नाही सांगता येत. आम्हाला दोन्ही हवं होतं. त्याच दिवशी."

सुखदाने हळूच विचारलं, "आणि ते खालचं कुटुंब?"

"सगळे म्हणाले, खबर त्यांनीच दिली. त्यांना कुवेत सोडावं लागलं. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती." मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. "बेकरीच्या रांगेत बढाई मी मारली होती. माझा भाऊ कसा सैनिकांना सापडत नाही, कसा आमच्याच खाली राहतो. मागे कोण उभं आहे ते बघितलंसुद्धा नाही. आणि नंतर गप्प बसले."

सुखदाचे कान तापले. "हे तुम्ही मला का सांगताय?"

"तू विचारलंस म्हणून. इतक्या वर्षांत मला कोणी काही विचारलंच नाही." त्यांनी फाइल मिटली. "स्पर्धेत बोल. छान बोलतेस."

बाहेर आई पर्स छातीशी धरून बसली होती. बाबा उभेच होते.

"काय म्हणाल्या? इकाम्याचं काही? नाव काढलंस ना?"

"मी स्पर्धेत बोलायचं, असं म्हणाल्या. पण जवेरिया नसेल तर मी बोलणार नाही. आत्ता मुख्याध्यापिकांना सांगायला जातेय आणि मग जवेरियाच्या घरी."

"त्या मुलीच्या घरी? सुखदा, काल एवढं समजावून सांगितलं ना—"

"बाबा, तिने तो व्हिडिओ फक्त मला पाठवला होता," सुखदा म्हणाली. "बाकी सगळ्यांना मी पाठवला. त्यात मी भारी दिसत होते म्हणून."