बंद घराला हाक

उत्तरेश्वर ऊसतोडीला गेला होता. कुलूप लावलेलं घर त्याला कॅमेरा बसवून फोनवर बघायचं होतं, म्हणून माझ्या गच्चीवरून ओढ्यापलीकडच्या त्याच्या घरापर्यंत वायफाय न्यायचं ठरलं. इकडं एक राऊटर आणि डिश, तिकडं एक. दोन्ही डिशची तोंडं समोरासमोर आली की जमलं.

दुसरा संच घेऊन माझा मित्र अभिमन्यू भर दुपारी निघाला. तिकडं मोबाईलला रेंज नाही. मी हाक मारायची, त्यानं डिश वळवायची, असं बोलणं झालं.

"बंद घराकडं तोंड करून हाक मारू न्हाई," अंगणातून आई म्हणाली. मी हसलो.

अर्ध्या तासानं लॅपटॉपवर पलीकडचा राऊटर दिसायला लागला. बाभळीमुळं त्या घराचं छत मात्र दिसत नव्हतं.

"डावीकडं वळव," मी ओरडलो. सिग्नल वाढला.

"आनखी जरा."

आणखी वाढला.

"बस."

सिग्नल जागीच थांबला.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. अभिमन्यू वर आला. काखेत खोकं होतं, चिकटपट्टीसुद्धा न काढलेलं.

"चावी इथंच इसरलो बे. ओढ्यातूनच माघारी आलो."

मी स्क्रीनकडं पाहिलं. सिग्नल पूर्ण होता.

पलीकडून, बंद घरावरून, शांत हाक आली.

"आता तू वळ."