मंचावरचा छोटा स्पीकर

सिरसाळ्यातल्या सभेच्या साउंड सिस्टीमची सगळी व्यवस्था भागवतकडे होती. भाषणं संपल्यावर साखराबाई माईकपाशी आल्या. त्यांच्या मुलाला भर चौकात ठार मारलं होतं आणि साक्ष द्यायला कुणीच तयार नव्हतं.

सभा भरवणाऱ्या पुढाऱ्याचा माणूस भागवतला हळूच म्हणाला, "म्हातारीचा आवाज मैदानात जाऊ देऊ नको बे."

भागवतनं मैदानातले स्पीकर बंद केले. बोलणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवणारा मंचावरचा छोटा स्पीकर मात्र चालू ठेवला. दिव्यांच्या झोतात साखराबाईंना समोरचं काही दिसत नव्हतं. त्या मनातलं सगळं बोलल्या.

खाली उतरून त्या भागवतला म्हणाल्या, "समद्यांनी ऐकलं, लेकरा. आता ज्यानं पाह्यलंय त्यो येईलच की साक्षीला."

त्या दिवशी चौकात भागवतही होता.

"येईल, मावशी," तो म्हणाला.